काउंटरच्या आतून

कॅनडातल्या शाळेत शिपाई नसतो. हेडक्लार्क, वरिष्ठ लिपिक, कनिष्ठ लिपिक ही आपल्याकडच्या अनुदानित शाळेतली उतरंडही नसते. ओंटारिओ प्रांतातल्या मिसिसागाच्या ज्या सरकारी प्राथमिक शाळेत मी सेक्रेटरी आहे, तिथे ऑफिसात आम्ही दोघीच, आणि दुसरी अर्धवेळ. नर्ससुद्धा नाही. सार्वजनिक आरोग्य खात्याची एक नर्स कित्येक शाळांत मिळून असते; गुडघा फुटला म्हणून तिला कुणी बोलावत नाही. त्यामुळे फुटलेले गुडघे, पडलेले दात, पोटदुखी (खरी आणि गणिताच्या तासाची), भिजलेल्या स्नो-पँटी, सगळं माझ्या काउंटरवर येतं. साताऱ्याला आमच्या शाळेत ऑफिसाच्या दारात उभं राहायचीही मुलांना भीती वाटायची. इथली मुलं सरळ आत येतात आणि माझ्या टेबलावरचा टिश्यूचा डबा उचलतात.

काम फार असतं म्हणून ताण येतो, असं घरच्यांना वाटतं. कामाचा ढीग उपसता येतो हो, बसलं की संपतो. पण इथे बसायलाच मिळत नाही. बदली शिक्षक आला नाही म्हणून वर्गाची सोय लावायची, तेवढ्यात फोन, तेवढ्यात कुरिअरवाला, तेवढ्यात पहिलीतलं कुणीतरी ओकलेलं. आणि त्याहून त्रासाचं म्हणजे निर्णय माझा नसतो, तोंड मात्र माझं असतं. नियम केलेले असतात मंत्रालयाने, आरोग्य खात्याने, नाहीतर कोर्टाने. ते ऐकवायचे मी.

सकाळचा पहिला तास हजेरीचा. ओंटारिओच्या शिक्षण मंत्रालयाने १९९९ साली प्राथमिक शाळांना ‘सेफ अरायव्हल’ची पद्धत सक्तीची केली. मूल वर्गात नाही आणि घरून निरोपही नाही, तर ते कुठे आहे हे शाळेने शोधायचं. आता पहिला फोन बऱ्याच ठिकाणी यंत्रच लावतं, पण जे पालक यंत्राला सापडत नाहीत ते माझ्या वाट्याला येतात. आईचा फोन बंद, बाबांचा नंबर जुना, तिसरा नंबर शेजाऱ्यांचा आणि ते भारतात गेलेले. दहापैकी नऊ वेळा मूल घरी तापाने झोपलेलं असतं. ते ठाऊक असूनही दहाव्या वेळेचा विचार काही सुटत नाही. बाहेर उणे वीस तापमान असलं की माझी बोटं फोनवर जरा जास्तच वेगाने चालतात.

काउंटरमागच्या कपाटात मुलांच्या फोटोंसह एपिपेन, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या झटक्यावरची इंजेक्शनं, ठेवलेली आहेत. त्यामागे एक मुलगी आहे. ओंटारिओतल्या पेंब्रोकची सब्रिना शॅनन, तेरा वर्षांची, २००३ साली शाळेत जेवल्यावर अ‍ॅलर्जीच्या झटक्याने गेली. तिच्या नावाचा कायदा जानेवारी २००६ पासून लागू झाला. प्रत्येक शाळेत अशा मुलांची नोंद, योजना आणि कर्मचाऱ्यांना नियमित प्रशिक्षण आलं. या कायद्याबद्दल मी कधीच कुरकुर करत नाही. फक्त एवढंच, की मी वैद्यकीय शिक्षण घेतलेलं नाही. कुणी गळ्याला हात लावून दारात उभं राहिलं, की ही शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी की नुसता ठसका, हे आधी मलाच ओळखावं लागतं.

पण खरी कसोटी लागते ती आपल्या माणसांशी. एकदा दुपारी पुण्याचे एक आजोबा नातवाला लवकर न्यायला आले. सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडील आणि आजी-आजोबांसाठीच्या व्हिसावर आलेले. २०२२ पासून या व्हिसावर एका वेळी पाच वर्षं राहता येतं, त्यामुळे शाळा सुटताना दारात मराठी आजी-आजोबा बरेच दिसू लागलेत. मी नातवाची नोंद उघडली. न्यायला येणाऱ्यांच्या यादीत आजोबांचं नाव नव्हतं.

“अहो ताई, आजोबा आहे मी त्याचा,” ते म्हणाले आणि त्यांनी आधार कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. आडनाव जुळत होतं. नाकसुद्धा जुळत होतं.

“काका, मला कळतंय. पण आईबाबांनी कळवल्याशिवाय नाही सोडता येणार.”

“तुम्ही मराठी ना? मग?”

या ‘मग’चं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. नातू बाकावर त्यांना खेटून बसला. आई मीटिंगमध्ये, बाबा फोन उचलेनात, प्रिन्सिपल बोर्डाच्या बैठकीला. आजोबांनी पुण्यातल्या आपल्या शाळेचा शिपाई पोरांना कसा हाताला धरून घरी सोडायचा ते मला मोठ्याने ऐकवलं. त्यांना काय सांगणार, की माझ्याकडच्या काही मुलांच्या फायलींत कोर्टाचे आदेश लावलेले आहेत आणि तिथेही आडनावं जुळतातच! शेवटी आईचा फोन आला, मी नोंद केली, दोघं गेले. जाताना आजोबा माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या जागी माझे बाबा असते तर तेही बोलले नसते.

लशींचं प्रकरणही असंच. इथे शाळेत जाणाऱ्या मुलांच्या लसीकरणाची नोंद पालकांनी स्वतः सार्वजनिक आरोग्य खात्याला कळवायची असते. डॉक्टरांनी टोचलं म्हणजे ती आपोआप होत नाही. न कळवल्यास आरोग्य अधिकारी मुलाला वीस शालेय दिवसांपर्यंत शाळेबाहेर ठेवण्याचा आदेश काढू शकतो. भारतातून आलेले पालक कार्ड आपटून म्हणतात, सगळ्या लशी दिल्यात! दिलेल्या असतातच. पण भारतात गोवराचा पहिला डोस नवव्या महिन्यात देतात आणि ओंटारिओत पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस धरत नाहीत. शिवाय आपल्या सरकारी गोवर-रुबेला लशीत गालगुंडाचा भाग नसतोच. हे सगळं काउंटरवर, मागे चार माणसं उभी असताना समजवायचं. २०२४च्या ऑक्टोबरपासून वर्षभर ओंटारिओत गोवराची साथ होती, दोन हजारांहून जास्त रुग्ण झाले. तेव्हा आदेश काढणारा अधिकारी कुणाला दिसला नाही. मी दिसले.

शाळेत कुणी शस्त्र घेऊन घुसलं तर काय करायचं, त्या लॉकडाऊनच्या सरावाबद्दल थोडंच सांगते. वर्षातून दोनदा असतो. घोषणा मी करते, आवाज न कापू देता, आणि मग त्या क्षणी ऑफिसात जे मूल असेल त्याला घेऊन काउंटरखाली बसते. ऑफिसला काचा आहेत. सराव आहे हे ठाऊक असतानाही मी त्या काचांकडे बघते.

आणि पगार? शाळा बंद असते तेव्हा आमच्यातल्या बहुतेकींना पगार नसतो. उन्हाळ्यात बेकारी विम्याचा अर्ज भरायचा. २०२२ साली आमच्यासारख्या ५५ हजार शाळा-कर्मचाऱ्यांची संघटना पगारवाढीसाठी अडून बसली. सरासरी उत्पन्न वर्षाला ३९ हजार डॉलर असल्याचं संघटना सांगत होती. ३ नोव्हेंबरला विधानसभेने संप बेकायदा ठरवणारा कायदा केला, आणि घटनेतलं ‘नॉटविथस्टँडिंग’ कलम वापरून न्यायालयाची वाटही आधीच अडवली. दंड माणशी दिवसाला ४ हजार डॉलरपर्यंत. सासूबाई सांगलीहून फोनवर म्हणाल्या, “सरकारशी वाकडं घेऊ नकोस गं.” दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आम्ही फलक घेऊन रस्त्यावर उभ्या राहिलो. सोमवारी प्रीमियर डग फोर्ड यांनी माघार जाहीर केली आणि १४ नोव्हेंबरला कायदा रद्द झाला. पुढे तडजोड झाली ती दर वर्षी तासाला साधारण एका डॉलरच्या वाढीवर. ती वाढ मला पुरेशी वाटली नाही, अजूनही वाटत नाही. पण त्या शुक्रवारी गाड्या हॉर्न वाजवत जात होत्या आणि त्यांतल्या कितीतरी चालकांची मुलं मला नावानिशी ठाऊक होती.

ओंटारिओत नव्याने येणाऱ्या मराठी पालकांना एक विनंती आहे. शाळेत नाव घालताना आजी-आजोबांची नावं न्यायला येणाऱ्यांच्या यादीत त्याच दिवशी लिहा. लशींची नोंद आधी आरोग्य खात्याला कळवा. फोन नंबर बदलला की शाळेला सांगा. मूल आजारी असेल तर घंटेआधी निरोप ठेवा. आणि ऑफिसातली बाई ‘नाही’ म्हणाली, तर तो नियम कुणी केला ते विचारून त्यालाच पत्र लिहा.