आंबवणीचे भांडे आणि सावनेरचा उन्हाळा

आंबवणीचे भांडे निवडताना आकाराआधी उष्णतेचा विचार करावा लागतो. यीस्ट साखर खाताना मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइडबरोबर उष्णताही बाहेर टाकते. लिटरमागे 100 ग्रॅम साखर असलेल्या माल्टच्या काढ्यातली ही उष्णता कोंडून राहिली, तर तो तेरा-एक अंशांनी तापतो. एल जातीच्या बिअरला 18 ते 22 अंश सेल्सिअस मानवतात. विदर्भातल्या सावनेरचा मे महिना 44 अंशांच्याही पुढे जातो. त्या उष्म्यात यीस्ट घाई करते आणि बिअर उग्र, घशाला झोंबणारी होते.

विदर्भात मोहफुले आंबवणाऱ्यांचा भरवसा माठावर. माठ पाझरतो, पाझर वाळतो, आतले गार राहते. एक लिटर पाणी वाळताना जेवढी उष्णता नेते, तेवढी चाळीस लिटर काढा पूर्ण आंबताना निर्माण होते. कोरड्या मे महिन्यात भांड्याभोवती गुंडाळलेले ओले तरट पंचवीस अंशांच्या आसपास उतरू शकते. खिडकीतली वाळ्याची ताटी याच जोरावर खोली गार करते. पाणी मारलेल्या वाळ्याचा तो वास इथल्या उन्हाळ्याचे सर्वांत मोठे सुख आहे. तरीही ताटीला तंत्रज्ञानाचा मान कोणी दिला नाही, हा अन्यायच.

माठाचा दोषही त्याच छिद्रांत असतो: मागच्या खेपेचे जिवाणू तिथे दडतात, घासून निघत नाहीत. म्हणून स्टेनलेस स्टील. पण ते पाझरत नाही, त्याला गारवा बाहेरून द्यावा लागतो. म्युनिकचे बिअरवाले हिवाळ्यातला बर्फ तळघरात साठवत. 1870च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांचे शीतयंत्र तिथल्या श्पाटेन ब्रुअरीत आले आणि ऋतूची अट सुटली. पुढे लेओपोल्ड नाथान यांनी शंकूच्या तळाची उभी टाकी आणली. शंकूत यीस्ट साचते आणि खालून काढता येते.

लहान टाकीला आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त. पन्नास लिटरच्या टाकीला सावनेरात आतल्या उष्णतेपेक्षा बाहेरच्या झळांचा त्रास अधिक, त्यामुळे तिथे जाड आवरणावर आधी खर्च करावा. मोठ्या टाकीत ग्लायकॉल-पाण्याचे थंड कवच हवे. आंबवणीच्या काळात गार झालेला द्रव खाली बसतो, म्हणून कवच वरच्या भागात असावे. फेसासाठी टाकीचा चौथा हिस्सा रिकामा ठेवावा.

जुलैत हवा दमट झाली की तरट फारसे काम करत नाही. तेव्हा यंत्राला पर्याय नाही.