तिकीट बेलापूरचं, घर श्रीरामपूरचं

आमच्या पिढीला गावाचा पत्ता कधी एका वाक्यात सांगता आला नाही. पाहुण्यांना पोस्टकार्ड धाडायचं तर निम्मं कार्ड वाट समजावण्यातच संपायचं. ‘तिकीट बेलापूरचं काढावे. गाडी बेलापूरला थांबेल. पाटीवरही बेलापूरच असेल. तिथेच उतरावे. ते श्रीरामपूर.’ एवढं लिहून झालं की खुशालीला दोन ओळी उरायच्या. त्यात सगळ्यांची तब्येत, पाऊसपाणी आणि मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

पाहुणा जरा जास्त हुशार निघाला की पंचाईत व्हायची. स्टेशनाबाहेर येऊन तो टांगेवाल्याला ‘बेलापूर’ म्हणायचा आणि टांगेवाला त्याला इमानेइतबारे खऱ्या बेलापूरला, प्रवराकाठी नेऊन सोडायचा. तिथेही पुन्हा बेलापूर बुद्रुक की बेलापूर खुर्द हा प्रश्न होताच. ज्याला बेलापूर कंपनीत जायचं असेल त्याची आणखी वेगळी तऱ्हा, कारण कंपनीच्या नावात बेलापूर आणि साखर कारखाना मात्र हरेगावला, भलत्याच दिशेला. बरं, नीट श्रीरामपुरात पोचलेल्याचाही निभाव लागेल असं नाही. आमच्याकडे आळ्यांना नावं कमी, वॉर्डांना नंबर जास्त. ‘वॉर्ड नंबर 2, कॅनॉलच्या अलीकडे, पिठाच्या गिरणीच्या मागे’ असं सांगायचं. गिरण्या दोन होत्या.

याला कारण होतं. दौंड-मनमाड रेल्वे 1878 साली सुरू झाली, तेव्हा या माळावर नाव देण्याजोगं गावच नव्हतं. जवळचं जुनं, नांदतं गाव बेलापूर, म्हणून स्टेशनाला त्याचं नाव. 1926 साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, प्रवरेच्या कॅनॉलला भरवशाचं पाणी आलं, ऊस आणि मोसंबी आली, कारखाने आले, बाजारपेठ वसली. सासवडकडचे माळी बागाईतदार आले, मारवाडी-गुजराती दुकानदार आले, फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली. दर हंगामाला बीड-पाथर्डीकडची माणसं कोयता आणि संसार घेऊन आली. गावाला श्रीरामाचं नाव मिळालं, स्टेशनाला जुनंच राहिलं. मला वाटतं, वाट चुकलेल्या माणसाला आमच्या गावात कोणी हसत नसे ते यामुळेच. जवळजवळ प्रत्येक घरातला कोणी ना कोणी कधीतरी त्या स्टेशनावर बोचकं घेऊन उतरलेला होता आणि हे कुठलं गाव म्हणून त्यानेही विचारलेलं होतं.

पत्रांचं तर विचारू नका. लिहिणाऱ्याने नुसतं ‘श्रीरामपूर’ लिहिलं आणि जिल्हा घालायचा राहिला, की पत्र थेट बंगालची वारी करून यायचं. कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी एक श्रीरामपूर आहे, इंग्रज त्याला सेरामपूर म्हणत. आमच्या घरात त्या गावाबद्दल राग नव्हता. आजोबा उलट अभिमानाने सांगायचे की विल्यम केरीने मराठीचं व्याकरण 1805 साली तिथेच छापलं, वैजनाथ पंडितांच्या मदतीने. आणि 1810 साली मराठीचा कोशही तिथूनच निघाला. ‘आपलं पत्र चुकून गेलं खरं, पण मराठीच्या आजोळी जाऊन आलं,’ असं ते म्हणत. आत्याच्या डोहाळजेवणाचं आमंत्रण तिच्या मुलाच्या बारशाला पोचलं होतं. ते कार्ड बारशात पाहुण्यांमध्ये हातोहात फिरलं आणि त्यावरचे शिक्के बाळाला दाखवण्यात आले.

मग 15 ऑगस्ट 1972 पासून पिनकोड आला आणि आम्ही 413709 झालो. ही पद्धत आखणारे गृहस्थ मराठी, संस्कृतचे मोठे पंडित, आणि नाव श्रीराम भिकाजी वेलणकर. श्रीरामपूरच्या पत्राची बंगालवारी एका श्रीरामानेच थांबवावी, याचं आमच्या आजीला मुळीच नवल वाटलं नाही. तिच्या हिशेबात ते ठरलेलंच होतं.

घरातल्या नावांचाही घोळ होताच. आमच्याकडे तीन बापू होते. थोरले बापू, मधले बापू आणि मळ्यातले बापू. ‘बापू, चहा झाला,’ अशी हाक गेली की तिघं यायचे. म्हणून चहा कायम तिघांचा टाकला जायचा. वाढदिवसांचं म्हणाल तर घरातली अर्धी माणसं 1 जूनला जन्मलेली, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं आणि आजोबांना फक्त ‘त्या साली पाट फुटला होता’ एवढंच आठवलं. आजीला मात्र सगळ्यांच्या तिथ्या पाठ होत्या. कोण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, कोण रथसप्तमीला, कोण आवर्तन सुटलेल्या रात्री. कागदावर 1 जून आणि औक्षण तिथीला, असा दोन वह्यांचा जन्म आमच्या पिढीने बिनतक्रार निभावला.

फोन आला तेव्हा वाटलं, आता घोळ संपले. गल्लीत एकच फोन होता, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात. सगळ्या गल्लीचा तोच पीपी नंबर. दुकानातला पोऱ्या निरोप घेऊन पळत यायचा आणि निरोप वाटेत थोडा सांडायचा. एका संध्याकाळी तो धापा टाकत आला आणि ओरडला, ‘तुमची आत्या सिरियस आहे!’

पुढचा एक तास आमच्या घराने जन्मभर सांभाळलेला आहे. काकूने रडत रडत चूल विझवली. मधल्या बापूंनी जीप ठरवली. मळ्यातले बापू तसेच चिखलाच्या पायांनी आले. थोरल्या बापूंनी कपाटातले पैसे काढले आणि मोजता मोजता तीनदा विसरले. आजी देवापुढे बसली ती उठेना. शेजारच्या सिंधी मावशींनी न विचारता आमच्या पोरांना आपल्या घरी नेऊन जेवायला बसवलं. जीपमध्ये आठ माणसं, दोन गोधड्या आणि पाण्याची कळशी चढली. ड्रायव्हर किल्ली फिरवणार, तोच समोरून टांगा आला. टांग्यात आत्या, मांडीवर पिशवी, कपाळाला उदी. ती शिर्डीस होती आणि येताना घरी डोकावून जाते, एवढाच निरोप तिने दिला होता.

जीपमधून पहिलं कोण उतरलं यावर आजही आमच्यात वाद आहे. आत्या म्हणते, आई. सत्तरीची आजी जीपच्या मागच्या फळीवरून चक्क उडी मारून उतरली, आत्याला जवळ घेतलं, पाठीत एक रट्टा घातला आणि पुन्हा जवळ घेतलं. मग सगळ्या गल्लीला शिर्डीचा प्रसाद वाटला गेला. ज्याने निरोप सांडला त्या पोऱ्याला आजीने सगळ्यांत मोठा पेढा दिला. ‘तू सांगितलंस म्हणून कळलं, ही सगळी माझ्या लेकीसाठी धावतात,’ एवढंच ती म्हणाली. जीपवाल्यानेही भाडं घेतलं नाही. जेवून गेला.

जेवून जा, हे आमच्या घरांचं पालुपद होतं. एकेरी मार्गावरची गाडी क्रॉसिंगला कुठे किती थांबेल याचा नेम नसे, म्हणून पाहुणा येणार म्हटलं की वेळ कोणी सांगत नसे. दुरडीत चार भाकरी जास्त असायच्या. येसराची आमटी चुलीच्या वैलावर सरकवलेली असायची. तो आला नाही तर त्या भाकरी सकाळी कुस्करून पोरांना. तो आला आणि सोबत आणखी दोघांना घेऊन आला, तर घरातल्या बायका ‘आम्हाला आज भूकच नाही’ म्हणायच्या. हे आम्हाला फार उशिरा कळलं. तेव्हा आम्ही त्यांचं म्हणणं खरं धरलं होतं, आणि हे लिहिताना ते अजून टोचतं.

श्रद्धेतही असाच सरमिसळीचा कारभार होता. रामनवमीची यात्रा तर गावाचीच. पाळणे, रेवड्या, नवे कपडे, राममंदिरात दुपारी बाराचा जन्म. पण आजीचा नवस एकाच दारी थांबत नसे. सय्यदबाबांच्या उरुसाला तिची चादर जायची. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते, तिथे ती मोठी मेणबत्ती घेऊन जायची आणि मेरीमातेला आत्याच्या संसाराबद्दल सविस्तर सांगून यायची. श्रावणात सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांचा सप्ताह ज्या गावी असेल, तिथे आमच्या चुलीवरच्या भाकरी फडक्यात बांधून रवाना व्हायच्या. तिथे कढयांतून आमटी रटरटत असते आणि भाकरी येतात गावोगावच्या घरांतून. आपली भाकरी कोणाच्या ताटात पडली हे कोणालाच कळत नाही. आजीला त्यातली तीच गोष्ट सर्वांत आवडायची. कोणी तिला विचारलं की नवस नक्की कोणी पुरा केला, तर ती म्हणायची, ‘ज्यानं केला असेल त्याला माहीत आहे.’

आणि वस्तू! वर्षातून एकदा कल्हईवाला वॉर्डात यायचा. पिंपळाखाली खड्डा खणून भाता पुरायचा, वर कोळसे पेटवायचा आणि घरोघरच्या पितळी पातेल्यांची रास पडायची. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं, आमटी हिरवट चवीची होते, म्हणून हे काम टळण्यातलं नसे. तो पातेलं निखाऱ्यावर लालसर तापवायचा, चिमूटभर नवसागर आत टाकायचा, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा आणि आम्ही सगळी पोरं खोकत पुढे सरकायचो. मग कथलाची कांडी आतून एकदा टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने भराभर फिरवायची. काळवंडलेलं पातेलं डोळ्यांदेखत चांदीचं व्हायचं. शेवटी पाण्यात चर्रर्र. तो आवाज ऐकायला आम्ही शाळा बुडवलेली आहे.

घोळ व्हायचा तो भांडी परत नेताना. सगळी पातेली सारखीच चकचकीत. मग प्रत्येक बाई आपलं भांडं उचलून त्यावरचं नाव वाचायची. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली ती नावं. कोणाचं माहेरचं नाव, कोणाच्या नवऱ्याचं, कोणाच्या लग्नात आलेल्या आहेराचं, ‘मामांकडून सप्रेम भेट’. नावं वाचता वाचता लग्नं आठवायची, लग्नं आठवता आठवता भांडणं आठवायची, आणि तिथल्या तिथे मिटायचीही. आमच्या काकूचं आणि समोरच्या वहिनींचं सहा महिने बोलणं बंद होतं. एका घंगाळावर दोघींच्या सासूबाईंची नावं निघाली, एकीकडून एक, दुसरीकडून दुसरं. कधी काळी त्या दोघींनी ते मिळून घेतलं होतं, लग्नकार्याला दोन्ही घरांत फिरवायला. काकू आणि वहिनी त्या घंगाळापाशी बसून आधी गप्प राहिल्या, मग एकदम हसायला लागल्या. पुढे ते घंगाळ चार महिने इकडे, चार महिने तिकडे असं राहिलं.

मोडलेलं टाकायचं नाही, हा तर अलिखित नियमच होता. स्टोव्हचा वायसर बदलायचा. पाट्याला टाकी लावायची. छत्रीची काडी बांधायची. लुगड्याची गोधडी, गोधडीचं पायपुसणं, पायपुसण्याचं बंबाला बोळं. माणसांनाही तोच नियम लागू होता. रुसलेल्या काकांना, परीक्षेत नापास झालेल्या भावाला, सासरी नांदत नसलेल्या मावसबहिणीला कोणी फार प्रश्न विचारले नाहीत. आधी पाट मांडला, ताट वाढलं, आणि बाकीचं सकाळी बघू म्हणाले. मी पुढे बरीच घरं पाहिली, टापटिपीची, घड्याळावर चालणारी. पण घोळ निस्तरायच्या आधी माणसाला जेवू घालणारी घरं मला तेवढी भेटली नाहीत, आणि मला अजूनही तीच पद्धत बरोबर वाटते.

आता आमच्या जिल्ह्याचं नाव 2024 पासून अहिल्यानगर झालं आहे, गाड्यांवर एमएच 17 आहे, आणि पाहुणे मोबाइलवर लोकेशन मागतात. ते बरोबर दारात येऊन थांबतात. उशीर होणार असेल तर कळवतात. भाकरी मोजून होतात. यात वाईट काही नाही. बायकांना ‘आज भूक नाही’ म्हणावं लागत नाही, हे तर फारच चांगलं झालं.

गेल्या दिवाळीत आम्ही जुन्या घरातला माळा आवरला. तीन पोती पितळ निघालं. भंगारवाला वजनकाटा घेऊन दारात उभा होता, पण त्याला परत पाठवलं, कारण एकेक भांडं उलटं करून वाचलं तेव्हा त्यातली निम्मी नावं आमच्या घरची निघाली नाहीत. वॉर्ड 2 मधल्या, वॉर्ड 7 मधल्या, बहुधा हरेगावकडच्यासुद्धा माणसांची आहेत. कोणाच्या तरी लग्नात, कोणाच्या तरी बाराव्याला, कल्हईच्या राशीतून ती इकडे आली आणि राहून गेली. आमचीही अशीच कोणाकोणाकडे असतील.

तर वाचकहो, तुमचं घर श्रीरामपूरचं असेल, किंवा आजोळ असेल, तर आपल्या माळ्यावरची भांडी मोडीत घालण्याआधी एकदा उलटी करून वाचा. परक्याचं नाव निघालं तर त्या घरी नेऊन द्या, फोनवर कळवू नका, स्वतः जा. आणि तुमचं एखादं पातेलं हरवलेलं आठवत असेल, तर आमच्याकडे या. भांडं मिळो न मिळो, जेवूनच जावं लागेल.