लोखंडी पुलावरून

जालन्यात कुणालाही "कुठं राहता?" विचारा, आधी 'जुन्यात' नाहीतर 'नव्यात' असं उत्तर येतं, गल्लीचं नाव नंतर. मधे कुंडलिका नदी. आमचं बिऱ्हाड जुन्या जालन्यात, गांधी चमनच्या अंगाला, आणि बाजार सगळा पलीकडे. मोंढा, सराफा, फूल बाजार, काद्राबाद. त्यामुळं सत्तरच्या दशकात लोखंडी पूल ओलांडायचा म्हणजे जवळजवळ परगावी जाणंच. आई घरातलं लुगडं बदलून निघायची. आजी मागून ओरडायची, "कठड्यावरून वाकू नको रे, घेरी येईल!"

आम्ही वाकायचोच. खाली धोब्यांचे दगड, त्यावर आपटणारे हात, आणि गंमत अशी की कपडा आपटलेला आधी दिसायचा, आवाज मागाहून यायचा. डबक्यात म्हशी, काठावर वाळत घातलेल्या रंगीत चादरी. तेवढ्यात मागून टांग्याची घंटी. मोंढ्याला निघालेल्या कापसाच्या बैलगाड्या पुलाच्या तोंडाशी अडल्या, की टांगेवाले चाचा अर्ध्या मराठीत, अर्ध्या दखनीत असं काही सुनवायचे, की आई आमचा हात घट्ट धरून भराभरा चालू लागायची.

पूल निजामाच्या अमलातला, पण जालन्याचा बाजार त्याहून कितीतरी जुना. 1679 साली शिवाजी महाराजांनी या पेठेवर स्वारी केली, ती इथं पैसा होता म्हणूनच. 'जालना, सोने का पालना' हे उगीच म्हणत नाहीत. 1725 मध्ये बांधलेली मस्तगडची गढी आमच्या लेखी मात्र लपाछपीचीच जागा होती.

परवा बऱ्याच वर्षांनी मुद्दाम पायी गेलो. चालणं कसलं, रिक्षा आणि मोटारसायकलींच्या फटीतून अंग चोरत सरकणं. कठड्याशी क्षणभर उभा राहिलो तर मागच्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढीचना. खाली काळं पाणी, पिशव्या, थर्माकोल आणि दोन्ही काठांनी सुटलेली गटारं. शेजारून स्कूटीवर एक मुलगी गेली, पाठीला दप्तर, मान मोबाइलमध्ये. आपण नदीवरून चाललोय, याचा तिला पत्ता नसावा. तिला दोष कसा देणार? बघण्यासारखं खाली ठेवलंय काय आम्ही?

आमच्या वेळी नदी बारमाही खळाळत होती, असं मात्र मी म्हणणार नाही. पुष्कळ जण तशी थाप ठोकून देतात. उन्हाळ्यात तेव्हाही पात्रात क्रिकेट चालायचं. गावाला पाणी यायचं ते वरच्या अंगाला असलेल्या घाणेवाडी तलावातून. निजामाच्या काळात बेझनजी जालनावाला या पारशी गृहस्थांनी तो बांधवून घेतला, तोही असा, की पाणी पंपाशिवाय, नुसत्या उतारानं गावात यावं. म्हणजे कुंडलिका आम्ही वर अडवून प्यायलो आणि खाली तिच्यातच सांडपाणी सोडलं. 1981 ला जिल्हा झाला, बियाण्यांच्या कंपन्या नावारूपाला आल्या, लोखंडाच्या भट्ट्या पेटल्या, गाव चहूबाजूंनी सुटलं आणि सांडपाणीही. 2012-13 च्या दुष्काळात टँकरमागं पळताना घाणेवाडीची आठवण सगळ्यांनाच झाली.

तलावातला गाळ लोकांनी पुढं होऊन उपसला, शेतकऱ्यांनी तो भरभरून रानात नेला. पुलाखालच्या पात्रातही पोकलेन उतरले, फोटो निघाले, एखाद्या पावसाळ्यापुरती नदी नदीसारखी दिसली. गटारं मात्र जिथं सुटत होती तिथंच सुटतात. कारण गाळ शेतात नेता येतो. गटाराचं पाणी न्यायला कुणी शेतकरी येत नाही, तिथं महानगरपालिकेनंच नळ टाकून ते शुद्धीकरणाला न्यावं लागतं, आणि त्या कामाला टाळ्या कमी पडतात.