केसाएवढी भेग

वर्ध्याच्या बाजारपेठेत रेडिओदुरुस्तीचे एक लहानसे दुकान होते. दुकानाचे मालक बालपणी सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत शिकलेले. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा जो विचार मांडला, तोच त्या शाळेचा पाया होता. टकळीवरचा धागा का तुटला हे पाहिल्यावाचून तो पुन्हा सांधू नये, ही शिस्त त्यांच्या अंगी तेथेच बाणली होती.

१९८६ सालचा वैशाख होता. ऊन आग ओकत होते. एक डॉक्टर आपली बारा वर्षे वापरलेली प्रीमियर पद्मिनी घेऊन दुकानी आले. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ती मोटार अजून दणकट होती. परंतु आर्वीच्या रस्त्याला लागले की तिच्यातील रेडिओ मुका होई. डॉक्टर खेडोपाडी रोगी पाहावयास जात, तेव्हा दृष्टी गेलेले त्यांचे वृद्ध वडील सोबत असत. नागपूर आकाशवाणीचे कार्यक्रम हाच त्यांचा प्रवासातील विरंगुळा.

"मागल्या महिन्यात तुम्ही नवा ट्रान्झिस्टर बसवला, तरीही हे असेच," डॉक्टर म्हणाले.

मालक ओशाळले. त्यांनी मोटारीतील फ्यूज पाहिला. तो शाबूत होता. बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह रेडिओपर्यंत नीट पोहोचत होता. ध्वनिक्षेपकाच्या तारांना लहानसा सेल टेकवताच तो खरखरला. म्हणजे तोही निर्दोष होता. मग रेडिओ काढून मेजावर जोडला, तर तो स्वच्छ बोलू लागला!

"मामा, आता दुसरा ट्रान्झिस्टर घालू या का?" हाताखालच्या मुलाने विचारले.

"नको. मागे मी तीच चूक केली. मोटारीत हा तापतो आणि हादरतो. येथे तो गार आणि स्थिर आहे. तेथे जे घडते, तेच येथे घडवून पाहू."

रेडिओ तासभर उन्हात ठेवला. मग तो चालू करून मालक लाकडी काडीने आतील पट्टीवर ठिकठिकाणी हलकेच ठोकू लागले. एका जागी काडी लागताच आवाज तुटला. भिंगातून पाहिले, तेव्हा एका तारेच्या पायाभोवती डाखाला केसाएवढी बारीक भेग पडलेली दिसली. तापल्यावर धातू आणि पट्टी सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. त्यात खड्ड्यांचे हादरे. वर्षानुवर्षे ताण सोसून तो सांधा फाटला होता. जुना डाख काढून, राळ लावून त्यांनी तो सांधा पुन्हा भरला. काम दोन मिनिटांचे होते.

डॉक्टरांनी पैसे पुढे केले. मालकांनी ते घेतले नाहीतच. उलट मागल्या ट्रान्झिस्टरचे पैसे त्यांच्या हाती ठेवले. "तो बिघडलाच नव्हता," ते म्हणाले. मुलगा हे सारे टक लावून पाहत होता.

डॉक्टरांनी मोटार आर्वीच्या रस्त्याने थोडी दूर नेऊन परत आणली. रेडिओ बोलतच होता. मागे बसलेल्या वृद्धाने मान डोलावत ओठांवर बोट ठेवले. भजन चालू होते. ते संपेपर्यंत मोटारीतून कोणीच उतरले नाही.