धुतलेला डायलायझर

धाकट्या भावाचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा मी एका गोष्टीवर अडून बसले होते: दर वेळी नवा डायलायझर, म्हणजे रक्त गाळणारी नळी, हवा. वापरलेला धुऊन पुन्हा लावणं म्हणजे गरिबांच्या जिवाशी खेळ, असं मी शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या बायकोलाही सुनावलं. तिच्या नवऱ्याला धुतलेलाच लावत होते. ती गप्प राहिली. माझ्या बोलण्याने तिची त्या रात्रीची झोप उडाली असेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

एकाचा डायलायझर दुसऱ्याला लावतात, अशीच माझी समजूत होती. मी कधी विचारलंच नव्हतं. माझी कुरकुर ऐकून टेक्निशियनने शेवटी मला रियूजच्या खोलीच्या दाराशी उभं केलं. प्रत्येक डायलायझरवर रुग्णाचं नाव आणि कितवा वापर ते लिहिलेलं. आरओच्या पाण्याने रक्त धुऊन निघालं. डायलायझरमधल्या केसासारख्या हजारो पोकळ धाग्यांपैकी काहींत रक्त गोठून बसतं, म्हणून आत द्रव किती मावतो ते त्याने मोजलं. माप मूळच्या 80 टक्क्यांखाली गेलं की तो डायलायझर बाद. मग गळती तपासायची, पेरासेटिक अॅसिड भरून ठेवायचं आणि पुढच्या वेळी लावण्याआधी ते पूर्ण निघालं का, हे पट्टीने पाहायचं. हिपॅटायटिस बी असलेल्यांचा डायलायझर पुन्हा वापरायचाच नाही.

माझ्यासमोर एकाचं माप कमी भरलं. त्याने तो सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकला. नाव वाचलं, तर त्या बाईच्या नवऱ्याचं. ज्याच्या जिवाशी खेळ चाललाय असं मी म्हणत होते, त्याच्यासाठी इथे कुणीतरी काटेकोरपणे मोजत होतं. मी मात्र काहीही न पाहता तिला घाबरवलं होतं.

पुढे वाचलं, की 1997 साली अमेरिकेतल्या दर पाचांपैकी चार डायलिसिस केंद्रांत डायलायझर असेच धुऊन पुन्हा वापरत होते. नवे डायलायझर स्वस्त झाल्यावर तिथला हा प्रघात मागे पडला. परवडत असेल तर नवा घ्यावा, हे मी आजही म्हणेन. धुण्यात हयगय झाली तर थंडी वाजून ताप येतो, रक्तात जंतुसंसर्गही होऊ शकतो. पण आठवड्यातून तीनदा गरज असताना खर्चापायी दोनदाच येणारी माणसं मी पाहिली आहेत. नीट धुतलेल्या डायलायझरमुळे त्यांचं तिसरं डायलिसिस होणार असेल, तर माझा त्याला विरोध नाही.

तुमच्या माणसाला धुतलेला लावत असतील तर माप कोण घेतं, कुठे लिहितं, हे विचारा. रजिस्टर पाहायला मागा.