पसंतीक्रम भरण्याआधी

महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्यांसाठी शुल्क सवलतीच्या योजना कमी आहेत, असे कुणी म्हणू नये. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. खुल्या प्रवर्गातील आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना राजर्षी शाहू महाराज योजनेतून, म्हणजे लोक ज्याला ईबीसी म्हणतात त्यातून, निम्मे शिक्षण शुल्क परत मिळते. जुलै २०२४ मध्ये शासनाने इतर मागासवर्ग, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतील, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. तरीही दर पावसाळ्यात प्रवेशासाठी दागिने पतसंस्थेत तारण ठेवले जातात आणि चांगले गुण असलेली मुले जवळच्या, स्वस्त वाटणाऱ्या कॉलेजवर थांबतात. उच्च शिक्षणाच्या अर्थकारणाचा अभ्यासक म्हणून मला याचे मुख्य कारण रकमेपेक्षा वेळेत दिसते. आपल्या खिशातून नेमके किती जाणार हे विद्यार्थ्याला कळते ते महाविद्यालय निवडून झाल्यावर, आणि मदत हातात पडते ती त्याहूनही उशिरा.

प्रक्रिया कशी चालते ते पाहा. सीईटीचा निकाल लागला की सीईटी कक्षाच्या पोर्टलवर नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, गुणवत्ता यादी आणि मग केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, फेरीचा विकल्प अर्ज. या अर्जात महाविद्यालय आणि शाखा यांचे कोड पसंतीच्या क्रमाने भरायचे असतात. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती आपोआप पक्की होते. नाकारली तर पुढच्या फेऱ्या बंद. इतका बांधून ठेवणारा निर्णय घेताना घरात चर्चा होते ती गेल्या वर्षीच्या कटऑफची, कारण तेवढीच माहिती नीट हाताशी असते. समजा, एका विनाअनुदानित महाविद्यालयाचे मंजूर शुल्क वर्षाला १,२०,००० रुपये आहे, त्यात शिक्षण शुल्क १,०५,००० आणि विकास शुल्क १५,०००. परीक्षा शुल्क बाजूला ठेवले तर आठ लाखांच्या आतल्या ओबीसी मुलीच्या वाट्याला १५,००० येतात. तिच्या शेजारी बसणाऱ्या ओबीसी मुलाला किंवा ईबीसी घेणाऱ्या खुल्या प्रवर्गातल्या मुलाला ६७,५०० पडतात. टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजनेच्या, जागेवर शिक्षण शुल्क नसतेच, म्हणून तिथे पुन्हा १५,०००. त्याच वर्गात संस्थास्तरावरील कोट्यातून आलेल्याला सवलत लागू नाही. एकाच पाटीवरच्या आकड्याचे इतके वेगवेगळे अर्थ आहेत आणि ते विद्यार्थ्याने शासन निर्णय, माहितीपुस्तिका आणि सायबर कॅफेतल्या ओळखीच्या माणसाकडून जुळवायचे आहेत. परिणाम दोन्ही बाजूंनी वाईट होतो. कुणी १,२०,००० वाचूनच ते नाव यादीतून काढतो, तर कुणी सवलत मिळेलच या भरवशावर कोट्यातली जागा घेतो आणि नंतर अडकतो.

मदत तीच ठेवून फक्त ती आधी सांगितली तर काय होते, याची नीट चाचणी अमेरिकेत झाली आहे. मिशिगन राज्यात अर्थशास्त्रज्ञ सुझन डायनार्स्की आणि सहकाऱ्यांनी कमी उत्पन्न गटातील हुशार शालेय विद्यार्थ्यांना एक पत्र पाठवले: मिशिगन विद्यापीठात प्रवेश मिळाला तर चार वर्षांचे शिक्षण शुल्क माफ. यातल्या बहुतेकांना एरवीही तेवढीच मदत मिळाली असती; नवे होते ते आधी दिलेले पक्के वचन. पत्र न मिळालेल्यांपैकी २६ टक्क्यांनी अर्ज केला, मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी. प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांचे प्रमाण १२ वरून २७ टक्क्यांवर गेले. एका नामांकित विद्यापीठाचा हा अनुभव सांगली किंवा बुलढाण्यातल्या कॉलेजला जसाच्या तसा लागू होणार नाही, हे मान्य. पण त्यातून दिसणारी गोष्ट तिथल्यापुरती नाही. ज्या घरात पहिलाच मुलगा कॉलेजला निघाला आहे, त्या घराला ‘बहुधा मिळेल’ आणि ‘मिळणार’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते, कारण चूक झाली तर ती भरून काढायला त्यांच्याकडे दुसरे काही नसते.

यावर पहिला आक्षेप असा, की पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी पूर्ण शुल्क मागू नये, असे शासनाचे आदेश आहेतच. आहेत, आणि ते योग्यही आहेत. पण महाडीबीटी या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज प्रवेश झाल्यावर भरायचा. तो आधी महाविद्यालयाच्या लिपिकाकडे, मग विभागाकडे तपासला जातो. त्यानंतर रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात किंवा संस्थेकडे हप्त्यांनी येते. प्रतिपूर्ती रखडली की विनाअनुदानित संस्थांचे पगार अडतात, ही त्यांची तक्रार खोटी नाही. मग संस्था विद्यार्थ्याकडून ‘तात्पुरती’ रक्कम, अनामत किंवा पुढच्या तारखेचा धनादेश घेते. नुसत्या आदेशाने हा व्यवहार थांबत नाही, कारण उशिराचा भार कुणीतरी उचलावाच लागतो आणि तो सगळ्यांत दुबळ्या माणसावर येऊन पडतो. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. पारदर्शकतेच्या दृष्टीने हे चांगलेच, पण रक्कम येईपर्यंत संस्थेचा तगादा विद्यार्थ्यालाच सोसावा लागतो.

दुसरा आक्षेप कर्जाचा. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, मग अडचण कुठे? अडचण अशी, की बँक प्रवेशपत्र आणि शुल्काचा तक्ता मागते, म्हणजे कर्जही निवडीनंतरच. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना देशातल्या निवडक संस्थांपुरती (मंजुरीच्या वेळी ८६०) आहे. तालुक्याच्या गावच्या बहुतेक महाविद्यालयांतील विद्यार्थी तिच्या बाहेर राहतात.

शिवाय शुल्क हा खर्चाचा एकच भाग झाला. अनुदानित महाविद्यालयात बीए, बीएस्सी करणाऱ्याला शुल्क फारसे जड जात नाही. त्याला जड जाते ते पुण्यातले खोलीभाडे आणि मेस. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी केली, तेव्हा गावाकडून आलेल्या मुलाला पहिल्या दिवसापासून छप्पर आणि जेवण मिळाले. आजची स्वाधार योजना शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला मुंबई-पुण्यात वर्षाला ६०,००० रुपये देते. रक्कम अपुरी म्हणता येईल, पण माझी हरकत वेगळी आहे. घरमालक अनामत मागतो ती राहायला जाताना, आणि स्वाधारचे पैसे त्या दिवशी हातात नसतात.

माझी सूचना साधी आहे. विकल्प अर्जाच्या पडद्यावर प्रत्येक कोडसमोर त्या विद्यार्थ्याला स्वतःला पडणारी रक्कम दिसावी. विद्यार्थ्याचा प्रवर्ग आणि लिंग सीईटी कक्षाकडे असतेच. महाविद्यालयनिहाय शुल्क २०१५ च्या कायद्याने स्थापन झालेले शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. उरते उत्पन्न. खोटे दाखले येतील, ही भीती मला पटत नाही, कारण तहसीलदाराचा तोच दाखला आपण नंतर स्वीकारतोच. टीएफडब्ल्यूएससाठी तर तो प्रवेश अर्जासोबतच घेतला जातो. ती पद्धत सर्वांना लागू करायची. दाखला पुढे खोटा ठरला तर वसुलीची तरतूद आजही आहे. एखाद्या महाविद्यालयाचे शुल्क ठरायला उशीर झाला असेल, तर गेल्या वर्षीची रक्कम तसा उल्लेख करून दाखवावी. कोरी जागा ठेवण्यापेक्षा ते बरे.

दुसरी पायरी खर्चाची आहे, म्हणून तिच्यावर अधिक वाद होईल: प्रवेश निश्चित झाल्याच्या दिवशीच सवलतीचा पहिला हप्ता शासनाने संस्थेला द्यावा. मुलगा मध्येच शिक्षण सोडून गेला तर पैसे बुडतील, असे वित्त विभाग म्हणेल. म्हणूनच पूर्ण रक्कम नको, एका सत्राची द्यावी आणि दुसरा हप्ता हजेरीला जोडावा. एकूण रक्कम आज देतो तेवढीच राहील. ती काही महिने आधी देण्याचा भार तेवढा तिजोरीवर वाढेल. आज तो भार व्याजाच्या रूपात विद्यार्थ्याचे घर वाहते, आणि तिथला दर शासनाला पडणाऱ्या कर्जाच्या दराहून कितीतरी जास्त असतो. सुरुवात अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्र या दोन शाखांपासून करता येईल. तिथे प्रवेश कॅपने होतात, शुल्क प्राधिकरण ठरवते आणि बहुतांश नोंदी संगणकावर आहेत.