रोजचं दही

आमच्या घरी दही लावणं हे आजीचं खातं. तापवून निवत ठेवलेल्या दुधात ती करंगळी बुडवायची. चटका बसेनासा झाला की चमचाभर विरजण घालून ढवळायची आणि थंडीत भांडं पिठाच्या डब्यात ठेवायची. सकाळी घट्ट कवडी दही तयार. जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात आणि त्या आम्लानं दूध थिजतं, हे मी पुढे कॉलेजात शिकले.

तिथेच मेचनिकॉफ भेटला. 1905 मध्ये स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणानं जिनिव्हात दह्यातला जिवाणू शोधला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या मेचनिकॉफनं त्यावरून मोठी इमारत रचली: आतड्यातल्या सडण्यानं म्हातारपण येतं, दही ते रोखतं, म्हणून बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी. 1908 चं नोबेल त्याला मिळालं, पण ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. तो स्वतः नेमानं आंबवलेलं दूध प्यायचा आणि एकाहत्तराव्या वर्षी गेला. तेव्हापासून दह्याच्या नावानं कुणी आयुष्य वाढवून देऊ लागलं की मी सावध होते.

एका दुखण्यात अँटिबायोटिक्सनी पोट पार बिघडलं. डॉक्टर म्हणाले, ‘दहीभात खा.’ खाल्ला, बरीही झाले. दह्यानं की नुसते दिवस गेल्यानं, कोण सांगणार? अशा जुलाबांवर काही ठरावीक वाणांचा उपयोग दिसला आहे, पण घरच्या विरजणात कोणते वाण नांदतात ते आपण कुठे तपासतो?

दह्याचा खात्रीचा गुण मला बाबांच्या उतारवयात दिसला. कपभर दुधानं त्यांचं पोट फुगायचं, वाटीभर दही मात्र बिनतक्रार पचायचं. दुधातली साखर फोडणारं विकर त्यांच्या आतड्यात कमी पडत होतं. ते काम दह्यातले जिवाणू करत होते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2010 मध्ये हाच दावा मान्य केला, तोही ग्रॅममागे किमान 10 कोटी जिवंत जिवाणू असतील तर. म्हणजे उकळलेली कढी चवीपुरती.

शिवाय हे जिवाणू पाहुण्यासारखे: येतात, हातभार लावतात, निघून जातात. आतड्यात कायमचं बिऱ्हाड करत नाहीत. म्हणून दह्याचा हिशेब रोजचा. त्याच्याकडे शंभर वर्षं मागावीत असं मला वाटत नाही. आजचं जेवण सुखानं पचलं, एवढं मागणं पुरे.